पिंपातली मोटार

मी वेळेवर निघणारा माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या कचेरीच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे जी लाल शाई सांडलेली आहे ती बघून कुणाचाही भलता समज होईल. निघतो मी वेळेवरच. पोचत नाही, तो दोष माझा नाही. तो खाडीचा आहे, होडीवाल्या धोंडू तारीचा आहे, जानकीवयनीच्या टोपलीचा आहे, आणि ज्या कुणा पूर्वजाने घर खाडीच्या या काठाला बांधलं आणि पणतवाच्या नोकरीचा विचार केला नाही, त्याचा आहे.

कोणती कचेरी ते सांगत नाही. मालवणात कचेऱ्या मोजक्या आणि लोक चौकस. एवढंच सांगतो की ती खाडीपलीकडे आहे, आणि खाडी एवढीशी आहे की पलीकडे कुणाच्या घरी फोडणी पडली तर अलीकडे चर्र ऐकू येतं. पण एवढ्याशा पाण्यावरून माणूस न्यायला धोंडूला जो वेळ लागतो तेवढ्यात एखादा मुंबईहून आगबोटीने येऊन, जेवून, झोपेल. कारण होडी नव्हे, कारण आहे रीत. आमच्या वाडीची रीत अशी, की धक्क्याकडे येणाऱ्या पाणंदीवर दिसलेला माणूस टाकून तरीची होडी सुटायची नाही. बांबू पाण्यात टेकवायचा, मान वळवून पाणंदीकडे बघायचं, आणि कुणी दिसलं की बांबू पुन्हा वर घ्यायचा. आमची पाणंद लांब आणि सरळ आहे. तिच्यावर कुणी ना कुणी दिसतंच.

आणि कुणी नसलं की जानकीवयनी असते. डोक्यावर भाजीची टोपली, पाय माझ्या सासूबाईंसारखे सावकाश, आणि आवाज मात्र चार माणसांचा. "रे धोंडू, रव रे, मी इलंय!" हे ती ज्या ठिकाणाहून ओरडते तिथून येईपर्यंत माझं एक पान खाऊन होतं. धोंडूला मी किती वेळा सांगितलं, बाबा, मला कचेरी आहे. तो शांतपणे म्हणतो, "तुमका कचेरी आसा, तिका भाजी आसा. भाजी सुकता, हरीभाव. कचेरी खंय सुकता?"

गणपतीनंतर साहेबांनी मला आत बोलावलं. आमचे साहेब घाटावरचे, शाकाहारी, आणि घड्याळाचे भक्त. खाडीपलीकडच्या धक्क्याला लागूनच त्यांचं भाड्याचं घर, तिथून कचेरी हाकेच्या अंतरावर. ज्याला चालत यायचं आहे त्याने होडीतून येणाऱ्याला वेळ शिकवावा, याला काही अर्थ आहे का? पण ते साहेब होते.

"मार्गशीर्षात मोठे साहेब रत्नागिरीहून तपासणीला येताहेत," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी दिसली, तर दोडामार्गला एक जागा आहे. मी तुमचं नाव सुचवणार आहे."

दोडामार्गबद्दल माझं वैर नाही. चांगला मुलूख आहे, केळी आहेत, काजू आहेत, गोवा मोकळा झाल्यापासून वर्दळही वाढली आहे. पण तिथे समुद्र नाही. मासे मिळतात म्हणे, परंतु प्रवास करून आलेले. मी जन्मापासून असा बांगडा खात आलो आहे की जो सकाळी पाण्यात होता. संध्याकाळी माझी बायको विमला तिरफळ घालून त्याचं तिखलं करते तेव्हा मला कोणत्याही साहेबाचा राग राहत नाही. ते तिखलं सोडून मी केळीच्या बागेत बसून काय करू? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. विमलाने विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"मग काय करतलास?" ती म्हणाली.

"धोंडूच्या होडीला मोटार बसवणार."

"मोटर कित्याक? एक घड्याळ घेवा नि ता धोंडूक द्या."

बायकांना यंत्रयुग कळत नाही, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं. आता म्हणत नाही.

मोटार निवडणं हा माझा खाजगी विषय होता. तो दुसऱ्या दिवशी माझ्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, अख्ख्या वाडीचा झाला. सर्वांत पुढे शेजारचा भाई. भाई अर्धं आयुष्य आगबोटीवर होता, म्हणून पाण्यावरच्या यंत्राबद्दल शेवटचा शब्द त्याचा. आगबोटीवर तो भटारखान्यात होता हा तपशील तो सांगताना गाळतो. त्याच्या शेजारी दाजी, गावचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा असल्यामुळे माणसांशी बोलतानाही ते देवाशी बोलल्यासारखे बोलतात, म्हणजे उत्तराची वाट बघत नाहीत.

भाई म्हणाला, "मोटरी दोन जातीच्यो. एक होडयेच्या पोटात बसता ती, आनि एक पाटीक लटकता ती."

पोटातली मोटार डिझेल खाते, मजबूत असते, वर्षानुवर्षं टिकते. तिला एकच दोष. धोंडूच्या होडीत ती बसवली असती तर माणसांना जागा उरली नसती आणि मोटार एकटीच रोज मालवणला जाऊन आली असती. म्हणून पाठीवरची. ती पेट्रोलवर सुरू होते आणि मग रॉकेलवर चालते. मग ताकदीचा प्रश्न आला. किती घोड्यांची? भाईला आगबोटीची सवय, तो जो आकडा बोलला त्या मोटारीने धोंडूची होडी पाण्यावरून उचलून थेट बाजारपेठेत नेऊन ठेवली असती. मग मी मुंबईहून एक इंग्रजी माहितीपुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं की होडीच्या वजनाला झेपेल तेवढीच ताकद घ्यावी, जास्त घेतल्यास रॉकेल जातं आणि होडीही जाते. हे मी मराठीत समजावून सांगितलं. भाई म्हणाला, पुस्तक लिहिणारा आगबोटीवर कधी गेलेला दिसत नाही.

नंतर दांडा. मोटारीचा पंखा पाण्यात किती खोल जाणार ते या दांड्यावर ठरतं. आखूड घेतला तर पंखा हवेत फिरतो, लांब घेतला तर ओहोटीला चिखल खणतो. मी छत्री घेऊन धक्क्यावर गेलो, होडीच्या मागच्या टोकाला उभी धरली आणि माप घेतलं. मूठ सोडून छत्रीएवढा दांडा हवा, असं ठरलं. चारचौघांत छत्री पाण्यात बुडवून उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला त्या दिवशी कळलं.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं. मग आवाजाचा विषय निघाला.

पुस्तकात एक मोटार होती. विलायती, अंगाने बारीक, आणि इतकी शांत की होडीतली माणसं कुजबुजली तरी ऐकू यावं, असं लिहिलं होतं. माझा जीव तिच्यावर बसला. मी ते वाक्य वाचून दाखवलं.

"आवाज नाय?" जानकीवयनी म्हणाली. ती टोपली घेऊन कुठे तरी निघाली होती आणि अर्थातच मध्ये थांबली होती. "मगे मोटर सुटता ता आमका घरात कसा कळतला?"

"कळायचं कशाला? वेळेवर यायचं," मी म्हणालो.

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दाजींनी मान हलवली. "हरी, मोटरीचो आवाज माका देवळात आयकाक येवक व्हयो. तितको मोठो घे." भाईने सांगितलं की ज्या इंजिनाचा आवाज नाही ते इंजिन आजारी असतं. झालं. लोक मोटार घेताना ताकद बघतात, तेल किती पिते बघतात, सुटे भाग कुठे मिळतात ते बघतात. आमच्या वाडीने गळा बघितला. भाईच्या ओळखीतून मुंबईच्या गोदीत वापरलेली एक मोटार मिळाली, आणि तिची शिफारस काय, तर ती चालू असली की गोदीत भोंगा ऐकू येत नसे.

पैसा कसा उभा केला ते विचारू नका. विमलाने विचारलं तेवढं पुरे.

परवानगीचं मात्र सांगतो. तरीच्या होडीला मोटार लावायची तर सरकारी परवानगी लागते. खाडीच्या तरींचे कागद आमच्या कचेरीत येतात, आणि कचेरीत ते ज्या टेबलावर येतात ते टेबल माझं. तेव्हा मी घरी बसून अर्ज लिहिला आणि कचेरीत बसून तो वाचला. वाचल्यावर दिसलं की अर्जदाराने यंत्राचा प्रकार नीट लिहिलेला नाही. इतर कुणाचा असता तर मी तो परत केला असता. स्वतःचा म्हणून सोडायचा? मी परत केला. अर्जदाराने खुलासा केला. तो मला समाधानकारक वाटेना. शेवटी कागद साहेबांपुढे गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "या प्रकरणाला इतका उशीर का झाला?"

परवानगी मिळाल्यावर पहिल्या आगबोटीने मोटार आली. खोका उघडला आणि आमच्या सुताराने, मेस्त परशुरामाने, असा प्रश्न विचारला की जो इतक्या शहाण्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता. "ही अडकवतलास खंय?" आमच्या होड्या पुढून निमुळत्या आणि मागूनही निमुळत्या. पाठीवरच्या मोटारीला मागे सपाट फळी लागते, आणि धोंडूच्या होडीला मागची बाजू अशी नव्हतीच, तिला दोन्हीकडे पुढची बाजू होती. तेव्हा परशुरामाने करवत घेतली. धोंडू धक्क्यावर पाठ करून बसला होता. ती होडी त्याच्या बापाची होती. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा तो उठून नारळाच्या बागेत निघून गेला. मलाही त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण दोडामार्ग डोळ्यांपुढे होतं.

मोटार पाण्यात घालण्याआधी चालवून बघायची, तर पिंपात पाणी भरून त्यात तिचा पंखा बुडवायचा, असं पुस्तकात होतं. धक्क्यावर पिंप ठेवलं. भाईने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग धोंडूने ओढली, मी ओढली, आणि सगळे हताश झाल्यावर ती अचानक असा आवाज करत पेटली की माडावरचे कावळे उठले आणि खाडीपलीकडची माणसं घराबाहेर आली. आणि पाणंदीवरून वाडीतली माणसं गाठोडी, टोपल्या, पिशव्या घेऊन धावत सुटली. त्यांना वाटलं, होडी सुटते आहे. सर्वांत पुढे जानकीवयनी होती. ती धावू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ही गोष्ट मी त्याच वेळी नीट ध्यानात घ्यायला हवी होती, पण कावळ्यांमुळे लक्ष गेलं नाही.

मग गाऱ्हाणं. नवं काही घेतलं आणि देवाच्या कानावर घातलं नाही, असं आमच्याकडे होत नाही. दाजींनी मोटारीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, आणि आम्ही सगळे मागे उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा…"

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आज ह्या तुज्या लेकरान, हरीन, ही मोटर हाडल्यान हा. तिका कोणाची नजर लागली आसात, कोण वायट बोल्लो आसात, ता सगळा दूर कर म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"हिच्या पंख्यात कोणाचा जाळा गावता नये म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आनि हिचो आवाज ज्येच्या ज्येच्या कानार पडात, त्येका मागे टाकून ही मोटर हलता नये म्हाराजा."

"होय म्हाराजा," वाडी म्हणाली. मीही म्हणालो. सवयीने माणूस म्हणतो. तोंडातून गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी दिसणाऱ्या माणसासाठी थांबायचं होतं. आता ऐकणाऱ्यासाठी. आणि ही मोटार ऐकू न येणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत फक्त एक होता, परशुरामाचा बाप, तो ठार बहिरा.

पुढे काय झालं असेल ते सांगायला हवं का? पूर्वी लोक भरती बघून, सावली बघून, कधी तरी घरातून निघत तरी होते. आता मोटार पेटल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडेना. धोंडू मोटार सुरू करी. ती ऐकून माणसं चुलीवरचा चहा उतरवत, पोरांना आंघोळी घालत, आणि देवाने जागा राखून ठेवल्यासारखी रमतगमत येत. मोटार धक्क्याला बांधलेली, धडधडत, धूर ओकत, आणि त्या धुरात मी छत्री घेऊन बसलेला. धोंडूला निघ म्हटलं की तो पाणंदीकडे बोट करून म्हणे, "देवाक शबद दिललो आसा." पाण्यावरचा प्रवास मोटारीने खरोखर चुटकीसरशी होई. पण प्रवासाला निघेपर्यंत पूर्वी बांबूने दोनदा जाऊन आलो असतो.

साहेबांनी तर कहर केला. सगळ्या कचेरीसमोर हसत म्हणाले, "तुमच्या मोटारीची मला फार सोय झाली. ती तिकडे वाजायला लागली की मी दाढीला बसतो. वाजते आहे तोवर तुम्ही तिकडेच. थांबली की समजायचं तुम्ही या धक्क्याला लागलात. मग मी चपला घालतो आणि तरी तुमच्या आधी येऊन बसतो." शिपाईसुद्धा हसला. ज्या मोटारीसाठी मी विमलाच्या पाटल्या गहाण टाकून तिच्या हातांकडे बघायचं बंद केलं, तिच्यावर हा माणूस दाढी करत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तपासणीच्या आदल्या दिवशी तर उरलीसुरली अब्रूही गेली. मोटार धक्क्यावर इतका वेळ वाट बघत राहिली की खाडीच्या मध्यावर तिचं रॉकेल संपलं. बांबू मागे धक्क्यावर होता. मोटारीच्या होडीत बांबू ठेवणं हा मोटारीचा अपमान आहे, असं मीच धोंडूला सांगितलं होतं. ओहोटी लागलेली. होडी डुलत डुलत खाडीच्या मुखाकडे निघाली, आणि बाहेर किनाऱ्यावर लोक रापण ओढत होते त्या जाळ्यात जाऊन अडकली, पंख्यासकट. देवाने दाजींची शेवटची मागणी तेवढी मनावर घेतली, जाळ्याची घेतली नाही. रापणकरांनी माझ्याबद्दल जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. कमरेपर्यंत भिजून, धोतराला बारके पेडवे मासे चिकटलेले, असा मी कचेरीत शिरलो तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि दौत जवळ ओढली. म्हणाले, "उद्या मोठे साहेब आहेत. दोडामार्गचा कागद मी तयार करून ठेवलाय."

तपासणीचा दिवस उजाडला. विमलाने इस्त्रीचा कोट काढून दिला. धक्क्यावर आलो तर मोटार होडीला नव्हतीच. ती पिंपात होती. तिने वाळू आणि खारं पाणी गिळलं होतं, म्हणून गोड्या पाण्यात चालवून धुवायची, असा भाईने पहाटेपासून घाट घातला होता. पिंपातून कारंजं उडत होतं, भाई त्यात भिजत होता, आणि आवाज ऐकून वाडी नेहमीपेक्षा लवकर जमत होती.

"भाई, बंद कर आणि होडीला लाव," मी म्हणालो.

"अजून खारो पाणी येता," तो म्हणाला. "आता काढलंय तर मोटर मेली म्हणान समज."

होडी भरली होती. एकटी जानकीवयनी यायची होती. पाणंदीवर दिसत नव्हती, पण मोटार तिच्या कानावर गेली असणार. धोंडू तिची वाट बघत बसला. माझ्या डोळ्यांपुढे केळीच केळी दिसू लागल्या. आणि तेव्हा, इतकी वर्षं सरकारी कागदांवर शेरे मारत आलो त्याचं चीज झालं. मी सरळ दाजींपुढे जाऊन उभा राहिलो. ते सुदैवाने त्याच होडीने बाजाराला निघाले होते.

"दाजी, गाऱ्हान्यात शबद काय होतो? मोटर हलता नये. बरोबर?"

"बरोबर."

"मगे मोटर हलता खंय? ती पिंपात आसा. होडयेचो शबद देवाक कोणी दिल्यान?"

दाजींनी डोळे मिटले. सगळी होडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पिंपात मोटार धडधडत होती. शेवटी ते म्हणाले, "होडयेक जुनीच रीत. पाणंदीर कोण दिसता काय बघ, धोंडू. दिसत नाय तर सोड."

धोंडूने पाणंदीकडे बघितलं. रिकामी होती. त्याने बांबू उचलला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. बापाची होडी, मागून कापलेली का असेना, पाण्यावरून सरसर निघाली. मागे भाईची मोटार गर्जत होती, आम्ही मात्र मांजरीच्या पावलांनी पलीकडे गेलो. धक्क्याला लागलो तेव्हा साहेबांच्या घराची खिडकी उघडी होती आणि आतून ते कुठलंसं पद गुणगुणत होते. मी छत्री काखेत घेऊन खिडकीखालून वाकून गेलो.

मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच मोठे साहेब आले. त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, मान डोलावली. मग साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं.

"हे कुठे आहेत?"

खिडकीतून खाडीपलीकडची मोटार स्पष्ट ऐकू येत होती. ती वाजते आहे तोवर साहेब दाढी करणार, चहा घेणार, दुसरा चहा घेणार. मोठे साहेब बसून राहिले. आम्ही उभे राहिलो. तिकडे भाईचं खारं पाणी संपेना. मग केव्हा तरी मोटार थांबली, आणि त्यानंतर बेताबेताने चपला वाजवत आमचे साहेब दारात आले. माझ्या खुर्चीत मला बघून ते जागच्या जागी थिजले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खाडीकडे, आणि मग मोठ्या साहेबांकडे. एवढा वक्तशीर माणूस, पण त्या क्षणी त्यांना किती वाजले ते सांगता येईना.

दोडामार्गचा कागद तयारच होता. फक्त नाव बदलावं लागलं. आता मला सांगा, जो मनुष्य मासे खातच नाही त्याला आधी समुद्रकाठी नेमलाच का होता? पण सरकारला विचारणार कोण? मोटार तेव्हापासून पिंपातच आहे. धोंडू ती सकाळी पेटवतो, होडी आता ऐकणाऱ्यासाठी थांबत नाही म्हणून वाडी धावत जमते, आणि मग तो बांबू उचलतो. मी रोज वेळेवर पोचतो.

सगळं असं सुरळीत झाल्यावर दाजी एकदा संध्याकाळी माझ्या खळ्यात आले. आतून तिखल्याचा वास येत होता. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"हरी, त्या दिवशी मोटरीचो आवाज तुज्या सायबाच्या कानार पडललो काय नाय?"

"पडललो."

"मगे त्येका मागे टाकून तू गेलंस."

मी भडकलो. मी म्हणालो, "दाजी, तुमीच निवाडो दिललो. मोटर हलली नाय."

"मोटर नाय हलली," दाजी म्हणाले. "सायब हललो. देवाक एक नारळ ठेवक व्हयो."

मी पुष्कळ वाद घातला. कलम सांगितलं, निवाडा सांगितला. दाजींनी उत्तराची वाट बघितली नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन मी देवळात गेलो आणि मागे उभा राहून, मनातून जळत, "होय म्हाराजा" म्हणालो. गेलो तो अगदी वेळेवर गेलो. देऊळ खाडीच्या अलीकडेच आहे.